आईला होता, मग मलाही होणार का?

आईला अल्झायमर होता हे कळलं की माणसं जरा घुटमळतात आणि मग विचारतातच, "तुम्ही ती जनुकांची चाचणी करून घेतलीत का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. नाही केली.

निदान झालं तेव्हा आई ७६ वर्षांची होती. मला आठवतो तो तिचा स्वेटर. बटण चिमटीत धरून ती बसून राहायची. समोरचं काज दिसायचं, पण बटणाचं त्याच्याशी काय करायचं ते सुचायचं नाही. आता घाईत माझं बटण भलत्याच काजात गेलं तरी पोटात गोळा येतो. तुमच्या प्रश्नामागची भीती मला परकी नाही.

तिचं वय मुद्दाम सांगितलं. एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या तीन जनुकांपैकी एकात ठरावीक बिघाड असेल, तर आजार बहुधा पासष्टीच्या आतच गाठतो आणि तो बिघाड प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अशी घराणी फार थोडी. आमच्याकडे इतक्या लवकर कुणालाच काही झालं नव्हतं.

उतारवयातल्या अल्झायमरचं नाव घेतलं की पुढे येतं ते एपीओई, १९व्या गुणसूत्रावरचं जनुक. हा संबंध १९९३ मध्ये समोर आला. त्याचे मुख्य प्रकार तीन: ई२, ई३, ई४. एक प्रत आईची, एक वडिलांची. ई४ची एक प्रत असली तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन्ही ई४ असल्या तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत, हे मात्र विसरू नका. ई४ असूनही म्हातारपणी लख्ख आठवणारी माणसं आहेत, नसूनही सगळं विसरलेली आहेत.

अमायलॉइड म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन. त्यावरची नवी औषधं सुरू करताना डॉक्टर एपीओईची तपासणी सांगतात, कारण ई४ असणाऱ्यांत त्या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका जास्त. तिथे तिचा उपयोग आहेच. मी आजारी नाही. धोका कमी राहावा म्हणून रक्तदाब, साखर आणि कानांची तपासणी मी चुकवत नाही. त्यासाठी जनुकांचा अहवाल लागत नाही.

आणि तो अहवाल माझ्या एकटीचा नसेल. माझ्या दोन्ही प्रती ई४ निघाल्या, तर लेकीत एक आहे हे नक्की झालं, तिची तपासणी न करताच. म्हणून आधी तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती.

"आत्ता नको, आई," म्हणाली.