डुलणारे कमोड आणि खाली राहिलेला फ्लँज : दुसऱ्या आठवड्याची नोंद

आमच्या कोथरूडच्या सदनिकेतील कमोड डुलत होते आणि भांड्यातील पाणी जागेवर असूनही दुर्गंधी येत होती. टाकीत खाण्याचा लाल रंग मिसळून दोनदा फ्लश केल्यावर बुडाच्या कडेने गुलाबी पाणी झिरपले, तेव्हा दोष जोडात असल्याचे नक्की झाले.

शनिवारी अँगल कॉक बंद करून, टाकी आणि ट्रॅप (भांड्यातील पाणी धरून ठेवणारे वळण) कोरडे करून कमोड उचलले. पाइपच्या तोंडात जुन्या टॉवेलचा बोळा कोंबला आणि तो आत घसरू नये म्हणून त्याची सुतळी नळाला बांधली. फ्लँजची, म्हणजे कमोडला मैल्याच्या पाइपशी जोडणाऱ्या कड्याची, डावीकडील बोल्टची खाच तुटलेली होती, पण मूळ दुखणे निराळेच निघाले. आधीच्या मालकांनी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून घेतली होती. त्यामुळे फ्लँज १२ मिमी खाली राहिला, कमोड आणि फ्लँजमधली फट बंद करणारी मेणाची रिंग पुरेशी दाबली जाईना आणि डुलणाऱ्या कमोडचा सारा ताण त्या खाचेवर येत गेला.

नवा फ्लँज बोहरी आळीत मिळाला. अमेरिकी व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तिकडच्या ४ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिमी असतो आणि आपला एसडब्ल्यूआर (मैला-सांडपाण्याचा) पाइप ११० मिमीचा असतो. दुकानदाराने "साहेब, माप तोंडी नको, तुकडा दाखवा" म्हटले, तेव्हा मला राग आला होता. तो अनाठायी होता.

जुना फ्लँज काढण्यातच रविवारची सकाळ गेली. त्याची मान पाइपवर बाहेरून चिकटवलेली असल्याने भोवतालचा कोबा बारीक छन्नीने बोटभर रुंदीचा उकरला, हॅकसॉच्या नुसत्या पात्याने मानेला तीन उभे काप दिले आणि पाइपला चरा पडण्याआधी हात थांबवला. मग खिडकी उघडी ठेवून हॉट एअर गनने एकेक पट्टी मऊ केली आणि पेचकसाने सोलली. तिसरी पट्टी पाइपचा कपचा घेऊन निघाली. तो नव्या मानेखाली झाकला जाईल इतकाच होता, हे माझे नशीब.

नव्या फ्लँजची मान ५० मिमी खोल आहे. ती १२ मिमी वर ठेवूनही पाइपवर ३८ मिमी पकड मिळाली आणि तबकडी नव्या फरशीवर टेकली. पाणसळ लावून, सॉल्व्हंट सिमेंटने जोडून, स्टीलच्या स्क्रूंनी फरशीत आवळून चोवीस तास हात लावला नाही. कमोड बसवताना दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवले, कारण एकीकडेच जोर दिला तर चिनी माती तडकते. व्हाइट सिमेंटही तीनच बाजूंनी भरले. पुढे गळती झालीच तर ती मागच्या फटीतून दिसावी.

लाल रंगाची चाचणी पुन्हा केली, फरशी कोरडी राहिली. खालच्या काकूंच्या छतावरील ओलीभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातली आहे आणि पंधरा दिवस तिथे रंग लावू नका, अशी त्यांना विनंती केली आहे.