बेचक्यातला काळा डाग

भुलीची सुई भरून तयार होती. खुर्चीत फलटणजवळच्या गावातल्या मावशी, वय 58. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ काढायची होती. ते ठरवलं होतं मीच, चार दिवसांपूर्वी, एक्स-रे पाहून. या दाढेला दोन मुळं असतात, आणि ती जिथे फुटतात त्या बेचक्यात हाड भरलेलं असतं. मावशींच्या एक्स-रेत तिथे काळा डाग होता, मागच्या मुळाच्या टोकापर्यंत उतरलेला. दाढ जराशी हलत होती आणि हिरडीवर पू येणारी पुटकुळी होती. 'हिरड्यांचा आजार, बेचक्यातलं हाड गेलेलं, दाढ काढणे' असं कार्डावर लिहून मी मोकळी झाले होते. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, पण ते कारण पुरत नाही.

सुई टोचण्याआधी दाढ तीच ना, हे पाहायला मी पुन्हा स्क्रीनकडे वळले आणि या वेळी नजर शेजारच्या दातांवर गेली. दोन्हीकडचं हाड अगदी जागेवर होतं, एनॅमल संपतं तिथून एक-दोन मिलिमीटर खाली, एका रेषेत. हिरड्यांचा आजार सहसा एकाच दाढेला असा धरून बसत नाही.

सुई खाली ठेवली. "मावशी, ही दाढ पूर्वी कधी दुखली होती का?"

"दोन वर्सामागं लई ठणका हुता. रातरात झोप न्हाई. मग आपसूकच थांबला, म्हणून कुणाला दावलं न्हाई."

ठणका आपसूक थांबतो तेव्हा बऱ्याचदा आतली नस मेलेली असते. या दाढेत जुनी, खोल चांदी भरलेली होती. सुईच्या टोपणात पाणी भरून गोठवलेल्या बर्फाच्या कांड्या आमच्या फ्रीजरमध्ये असतात. एक कांडी शेजारच्या दाढेला लावली, मावशींनी लगेच हात वर केला. या दाढेला लावली, तर काहीच नाही. पुन्हा लावली, तरी नाही. भूल आधी दिली असती तर ही तपासणी करताच आली नसती.

मग प्रोबने, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने, हिरडी सगळीकडून मोजली. दाढेभोवती दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे निरोगी. फक्त गालाकडच्या बाजूला, दोन मुळांच्या मधोमध, एका अरुंद जागी प्रोब एकदम नऊ मिलिमीटर खाली गेला. हिरडीच्या आजारातला खळगा बहुधा पसरट असतो. ही तर पू वाहून जायची वाट होती. खात्रीसाठी पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे एक्स-रेत पांढऱ्या दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी आत सरकवली आणि एक्स-रे घेतला. काडीची पांढरी रेघ वळत वळत थेट मागच्या मुळाच्या टोकाशी पोहोचली.

जंतुसंसर्ग आतून बाहेर आला होता. मेलेल्या नसेतला संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो, आणि दाढेच्या तळातल्या सूक्ष्म नलिकांमधून बेचक्यातही जाऊ शकतो. एक्स-रेत हे दोन्ही आजार सारखेच काळे दिसतात. शेवटी ती सावलीच. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड तिच्यात एकावर एक पडतं आणि हाडातली 30 ते 50 टक्के खनिजं गेल्याशिवाय डाग उमटतही नाही. वरच्या दाढांचं तर आणखी अवघड, टाळूकडचं तिसरं मूळ बेचकंच झाकून टाकतं.

"काढायची न्हाई व्हय मग?" मावशींनी विचारलं. मी त्यांना सरळ सांगितलं, की चार दिवसांपूर्वी माझं चुकलं होतं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग लागा कामाला."

रूट कॅनाल केलं. मुळं मात्र मुद्दाम खरवडली नाहीत. त्यांच्यावरचे जिवंत तंतू खरवडून काढले असते, तर हाड पुन्हा धरायला आधारच उरला नसता. पंधरा दिवसांत पुटकुळी बसली. सहा महिन्यांनी बेचक्यात हाडाची करडी जाळी दिसू लागली होती आणि प्रोब तीन मिलिमीटरवर थांबत होता. दाढेवर कॅप बसवली.

त्या आठवड्यात दोन रात्री बसून मी वर्षभरात 'बेचक्यातलं हाड गेलेलं' म्हणून काढलेल्या दाढांची कार्डं चाळली. तिघांच्या कार्डावर बर्फाच्या तपासणीची नोंद नव्हती.