गालिलीतली ग्रीक अक्षरं: त्झिप्पोरी ते बेत शेआरीम

उत्तर इस्रायलमधल्या गालिलीला जाणारे बहुतेक जण नाझरेथ आणि सरोवर पाहून परततात. तुम्ही एक दिवस त्झिप्पोरी आणि बेत शेआरीम या दोन प्राचीन ठिकाणांसाठी काढाच. ज्यू आणि ग्रीक म्हटलं की हनुक्का या ज्यू सणामागची, ग्रीक राजवटीविरुद्धची लढाई तेवढी आठवते. त्यानंतर काही शतकं हे दोघं एकमेकांत किती मिसळले होते, ते इथं डोळ्यांनी दिसतं.

आधी त्झिप्पोरी. नाझरेथपासून जेमतेम सहा किलोमीटर. टेकडी चढून थेट 'डायोनिससचं घर' म्हणतात त्या जुन्या घरात जा. इ.स. २०० च्या सुमारास केलेली मोझेइकची जमीन आहे. मद्याचा ग्रीक देव डायोनिसस आणि बलाढ्य वीर हेराक्लीस यांच्यात पिण्याची पैज लागली आहे. दुसऱ्या चौकटीत झिंगलेल्या हेराक्लीसला सावरून धरलंय. चित्रांची नावं ग्रीकमध्ये. 'गालिलीची मोनालिसा' म्हणतात तो स्त्रीचा चेहराही इथलाच, आणि लोक त्याचा फोटो काढून निघून जातात. तुम्ही मात्र कडेची साधी पट्टी बघा. तिथं कोच मांडून पाहुणे ग्रीक-रोमन रीतीनं रेलून जेवायचे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री अगदी गरिबानंही रेलल्याशिवाय जेवू नये, असं मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा संग्रह सांगतो. आणि मिश्नाचं संकलन करणारे रब्बी यहुदा हा-नासी त्याच सुमारास याच गावात राहत होते! माझा तिथून पाय निघेना.

खाली पाचव्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, आहे. राशिचक्राच्या मधोमध सूर्याचा रथ, पण रथात देव नाही, नुसतं किरणांचं बिंब. तिबेरियासजवळच्या हम्मातच्या सिनेगॉगमध्ये मात्र हेलिओस हा ग्रीक सूर्यदेव माणसाच्या रूपातच आहे. वेळ उरला तर तेही बघा.

रब्बी यहुदांचं दफन बेत शेआरीमला झालं, म्हणून क्रम हाच ठेवा. इथल्या गुहांमधले बहुसंख्य मृत्युलेख ग्रीक आहेत. युस्तुस नावाच्या एका ज्यू तरुणाचा लेख तर होमरच्या छंदात आहे आणि त्यात तो हेडीसकडे, म्हणजे ग्रीकांच्या मृत्युलोकात, गेल्याचं म्हटलंय. गुहांची दगडी दारं जवळून पाहा: लाकडी वाटावीत म्हणून त्यांवर खिळ्यांची डोकीसुद्धा कोरली आहेत.

ख्रिस्ती धर्मही याच मिश्र जगात रुजला. येशूच्या बारा शिष्यांपैकी अंद्रिया आणि फिलिप ही नावं ग्रीक, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये, आणि ख्रिस्ती प्रचारक पौल शास्त्रवचनं देतो ती बहुतेकदा ज्यूंनीच केलेल्या ग्रीक भाषांतरातून. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्या गुहांमध्ये उभं राहिल्यावरच ते पटलं.

जाण्याआधी ग्रीक मोठी अक्षरं शिकून घ्या. दोन संध्याकाळी पुरतात आणि भिंतीवरची नावं स्वतः वाचता येतात. भाड्याची गाडी सोयीची पडते. शुक्रवारी ही ठिकाणं लवकर बंद होतात आणि दुपारनंतर बससेवाही बहुतेक थांबते, तेव्हा तो दिवस टाळा. त्झिप्पोरीत सावली कमी, पाणी आणि टोपी हवीच. बेत शेआरीमच्या काही गुहा आधी नोंदणी केल्याशिवाय दाखवत नाहीत. आणि तिकिटं काढण्यापूर्वी तिथली सुरक्षेची परिस्थिती नक्की तपासा.