बांधाचं भोक

गुरुवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

येळ्ळूरला आत्तीकडे जाऊन आलो. कथेची वही सोबत नेली होती. जेवणं झाल्यावर पहिलं पान वाचून दाखवलं. हिरवीगार शेतं, निळसर डोंगर, धुक्यात हरवलेला राजहंसगड. आत्ती सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, "गडाचं नाव काढलं तर हे कुठलंबी गाव हुईल की गा."

झोंबलं. हिला काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं.

पाऊस जरा उणावला तशी ती डोक्यावर खोळ घेऊन शेताकडे निघाली, मी मागनं. नट्टी होऊन पंधरा दिवस झालेत, रोपं सावरलीत. मी आपला हिरवाईवर खूश. तिचं लक्ष पाण्यावर होतं. एका वाफ्यात ते चार बोटं उतरलेलं. बांधावरनं जाताना ती पायाचा अंगठा दाबत दाबत चालली. एके ठिकाणी थांबली, वाकली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. खेकड्याचं बीळ. रात्रभर आमच्या वाफ्यातलं पाणी, परवा टाकलेल्या खतासकट, शेजाऱ्याच्या शेतात. त्या शेजाऱ्याशी तीन वर्षं बोलणं नाही. गवताचा बोळा कोंबला, वर चिखल लिंपला, टाच मारली. "त्येला म्हाईत असणार. सांगंल व्हय?"

मी पाच पानं झिजवून अशी एक गोष्ट उभी करू शकलो नव्हतो.

घरी येऊन 'बनगरवाडी' काढली, तिसऱ्यांदा. फक्त जागेची वर्णनं वेगळी उतरवून घ्यायची असं ठरवून बसलो, तर ती वेगळी निघेचनात. माणदेशाचा माळ सतत कुणाच्या तरी पायाखालचा. मास्तर नवखा, म्हणून त्याला वाडी जशी कळत जाते तशीच आपल्याला. पुढं दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. ओस पडलेल्या वाडीसाठी माडगूळकरांना शब्द फार खर्चावे लागत नाहीत. तिथं कोण राहायचं हे तोवर आपल्याला ठाऊक झालेलं असतं. आणि हा माणूस चित्रंही काढायचा! मी असतो तर रंगाचे डबेच उपडे केले असते.

आणखी एक. पुण्याच्या वाचकाला कळावं म्हणून मीच वहीत 'नट्टी' खोडून 'लावणी' केलं होतं. शब्द कानडीतनं आलेला, पण आत्तीच्या तोंडी दुसरा नाही. परत 'नट्टी' केलं. तळटीप देणार नाही.

गडाचं काय करावं? मागं एकदा आत्ती म्हणाली होती, गडावर ढग बसला की वाळवण आत घ्यायचं. तेवढ्यापुरता ठेवला. धुकं काढून टाकलं.

साडेअकरा वाजले. पहिल्या ओळीत आता आत्तीचा अंगठा आलाय, दुसरी सुचत नाही. बाहेर पाऊस पुन्हा वाढलाय. बोळा टिकला असेल का?