गळालेली शिंगं आणि मक्याचा सापळा

अमेरिकेत व्हाइटटेल हरणांची शिंगं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये गळतात. तेव्हा ती गोळा करायला काही हौशी लोक तारेच्या जाळीचे दोन तुकडे खुंटांना बांधून कोपरा करतात आणि मका अगदी कोपऱ्यात टाकतात. नर दाणे टिपायला मान घालतो आणि सैल झालेलं शिंग जाळीत अडकून निघतं. गोची इथंच आहे. शिंग अजून पक्कं असेल तर हिसक्यानं बुडाचं हाड तुटतं. जखम चिघळून पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. एकदम ढीगभर मका खाल्ला की पोटात आम्ल वाढतं, ते वेगळंच.

आपल्या विदर्भातल्या पेंच, उमरेडच्या जंगलांकडे हा उद्योग नकोच. चितळ-सांबराचं गळालेलं शिंगही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सरकारी मालमत्ता. हाती आलं तर ४८ तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं. दिवाणखान्यात टांगायचं नाही.