पुठ्ठ्याचं सोल्जर फील्ड: जानेवारी ते जून २०२५

जानेवारीची अखेर

मंडळी, शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सोल्जर फील्ड स्टेडियमचं मॉडेल करतोय, त्यातलं मैदान कापून झालं. प्रमाण १:५००. दोन्ही टोकांचे गुणांचे पट्टे (एंड झोन) धरून १२० यार्डांचं मैदान या मापात साधारण २२ सेंटिमीटर लांब आणि पावणेदहा सेंटिमीटर रुंद होतं. खेळाडू भरतो चार मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाची कणी. कणीवर नाव काय लिहिणार? म्हणून संघ शेजारच्या सॉफ्टबोर्डवर टाचण्यांनी लावलाय. आक्रमणाच्या चिठ्ठ्या निळ्या, बचावाच्या केशरी.

सध्या त्या बोर्डाकडे बघवत नाही. बेअर्स ५ जिंकले, १२ हरले. ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या क्षणी हवेत उंच भिरकावलेला बॉल त्यांच्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला, आणि तिथून जी घसरगुंडी लागली ती सलग दहा पराभवांनंतर थेट जानेवारीत ग्रीन बेमध्ये थांबली. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मॅट एबरफ्लूसला नारळ दिला. सीझन चालू असताना मुख्य कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. आता त्याच्या जागी डेट्रॉइटहून बेन जॉन्सन आलाय.

मी फक्त एक आकडा बोर्डावर लाल पेनाने लिहून ठेवलाय: ६८. आपला क्वार्टरबॅक (क्यूबी, बॉल फेकणारा म्होरक्या) केलेब विल्यम्स पहिल्याच वर्षी एवढ्या वेळा सॅक झाला, बॉल फेकण्याआधीच पाडला गेला. १७ सामने, म्हणजे सामन्याला नेमका चारदा पोरगा जमिनीवर. विक्रम डेव्हिड कारच्या नावावर आहे, २००२ साली ७६. त्या यादीत आपला क्यूबी शोधावा लागू नये.

मार्च

खांब झाले! सोल्जर फील्डच्या दोन्ही बाजूंच्या ग्रीक पद्धतीच्या खांबांच्या रांगांनी मला तीन आठवडे छळलं. आधी थर्मोकोल कापला, त्यावर झटपट चिकटणारा गोंद लावला आणि डोळ्यांदेखत खांब विरघळला. लहानपणी गणपतीच्या मखराला हा धडा शिकलो होतो, पण विसरलो. शेवटी बांबूच्या काड्या घेतल्या, वर-खाली पुठ्ठ्याच्या टिकल्या, आणि पांढरा ओला गोंद. सुकायला रात्र जाते, पण काडी हलत नाही.

तोवर बोर्डावरही खरे खांब उभे राहिले, क्यूबीला राखणाऱ्या लाइनमध्ये. कॅन्सस सिटीकडून जो थूनी आला, तोही २०२६ च्या ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या) चौथ्या फेरीच्या एका पिकवर, म्हणजे निवडीच्या एका हक्कावर. चार सुपर बोल (अजिंक्यपदाचे सामने) जिंकलेला लेफ्ट गार्ड, लाइनमध्ये मध्याच्या डावीकडचा, या भावात मिळाला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लॉस एंजेलिसकडून जोना जॅक्सन आला. डेट्रॉइटमध्ये जॉन्सनच्या हाताखाली खेळलेला, म्हणजे भाषा जुळलेली. मध्ये अटलांटाचा ड्रू डाल्मन. लाइनच्या मधल्या तिन्ही चिठ्ठ्या एका आठवड्यात बदलल्या. उजव्या टॅकलला, म्हणजे लाइनच्या उजव्या टोकाला, डार्नेल राइट आहेच. राहिली डावी कड. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडलाय, तिथे मी चिठ्ठी तिरकी लावलीय.

बचावात ग्रेडी जॅरेट आणि डायो ओडेयिंग्बो. जॅरेट ठीक. ओडेयिंग्बोला तीन वर्षांचे ४८ दशलक्ष डॉलर मला जास्त वाटतात.

एप्रिलची अखेर

ड्राफ्ट भरला तोही ग्रीन बेमध्ये, कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या गावात! दहावा पिक आपला. माझ्या यादीत टॅकल होते. मेंबू सातव्या नंबरला जेट्सकडे गेला, बँक्स नवव्याला सेंट्सकडे. मग आला टाइट एंड (अडवणाराही आणि बॉल झेलणाराही) कोल्स्टन लव्हलँड. कोल केमेट घरात असताना दुसरा टाइट एंड? रात्री चिडून चिठ्ठीच लिहिली नाही. सकाळी लिहिली. जॉन्सनला दोन टाइट एंड एकदम मैदानात लागतात, हे कळत होतं, वळत नव्हतं. दुसऱ्या फेरीत ५६ वा ऑझी ट्रापिलो घेतला, तो टॅकल. तिरक्या चिठ्ठीखाली त्याचं नाव लावलंय. बॉल घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकसाठी मात्र सातव्या फेरीपर्यंत थांबले आणि काइल मोनांगाई घेतला. संघात आधीपासून असलेल्या स्विफ्टच्या जोडीला एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही.

मे

आता मॉडेलवाल्यांच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट. मी हे बांधतोय खरं, पण बेअर्स इथे राहणार का?

ज्यांनी मधली वर्षं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी. १९७१ पासून संघ इथे आहे, त्याआधी रिग्ली फील्डवर होता. २००३ साली जुन्या खांबांच्या आत काचेची नवी वाटी बसवली. त्यापायी २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा गेला, कर्ज अजून फिटतंय आणि ६१,५०० जागांचं हे स्टेडियम लीगमधलं सगळ्यात लहान आहे. २०२३ मध्ये संघाने आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरातलं रेसकोर्स १९ कोटी ७२ लाख डॉलरला घेतलं, मग मालमत्ता करावरून अडलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये महापौरांना शेजारी घेऊन तळ्याकाठी छप्पर असलेल्या स्टेडियमची चित्रं दाखवली. राज्यपालांनी काही दाद दिली नाही. या महिन्यात पुन्हा गाडी आर्लिंग्टन हाइट्सला.

लोक छप्पर की थंडी यावर भांडतात. माझ्या मते तो वाद दुय्यम आहे. बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मॉडेल दाखवलं, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जागा कोणाची?" म्हटलं, पार्क डिस्ट्रिक्टची (शहराच्या बागा-मैदानं सांभाळणारी सरकारी संस्था), बेअर्स भाडेकरू. "मग जाणारच की रे. आपण गिरगावात पागडीच्या खोलीत किती वर्षं काढली? खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा." सगळं त्यात आलं. पार्किंग, आजूबाजूची हॉटेलं, मैफली, सगळ्याचा पैसा स्वतःची जमीन असल्याशिवाय हातात येत नाही. फक्त स्वतःची जमीन म्हटली की कराचं बिलही स्वतःचं, आणि ते दीर्घकाळ ठरवून मिळावं यासाठी त्यांना राज्याचा कायदा हवाय. मी त्याच बाजूच्या उपनगरात घर घेतलेला माणूस. माझ्या बिलात निम्म्याहून जास्त शाळांचा वाटा असतो. त्यांना सूट मिळाली तर तो वाटा कोण भरणार, हे मला आधी कळायला हवं. तरीही सामन्याला मेट्रा लोकलच्या आर्लिंग्टन पार्क स्टेशनवर उतरायचं, या कल्पनेने गुदगुल्या होतात. खोटं कशाला बोलू.

जून

३१ मेला इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन उठलं. बेअर्सना हवा असलेला कायदा झाला नाही.

काहींनी सुचवलं की जुनं सोडून नवं आर्लिंग्टनच बांध. काल हिशोब केला. तिथली रेसकोर्सची ३२६ एकर जागा १:५०० मापात म्हणजे सव्वापाच चौरस मीटर, साधारण आमच्या जेवणाच्या खोलीची अर्धी जमीन. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आधी तुझा संघ तिथे जाऊ दे."

काचेच्या वाटीसाठी ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट्स मागवल्यात. तापवून वाकवताना सुरकुती पडू नये म्हणून काय करता, कोणी सांगेल का?