स्पितीच्या थंडीत दोन फिल्म कॅमेरे

फेब्रुवारीत मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुमची खिंड बर्फाने बंद असते, म्हणून आम्ही शिमल्याहून रिकांगपिओ, नाको, ताबो असे मुक्काम करत स्पितीतल्या काझाला पोहोचलो. सोबत दोन फिल्म कॅमेरे होते. एक निकॉनचा, १९८२ साली आलेल्या एफएम२ मालिकेतला. त्याचे शटर संपूर्ण यांत्रिक असून दोन बटण सेल केवळ लाइट मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजण्यासाठी लागतात. दुसरा त्याच सुमाराचा, पण त्याचे शटरसुद्धा सेलवर चालणारे.

‘की’ नावाच्या मठासमोर पहाटे उणे १८ अंशांत दुसऱ्याचे बटण दाबले, आरसा वर गेला आणि तिथेच अडकला. सेल काढून पाच मिनिटे मुठीत धरले, पुन्हा बसवले, तेव्हा आरसा खाली आला. पण तोवर मठाच्या भिंतीवरचे कोवळे ऊन निघून गेले होते. चूक माझीच होती. मी घातलेल्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज वापरासोबत घसरत जाते आणि थंडीत आणखी पडते. सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर४४ सेल मात्र १.५५ व्होल्ट जवळजवळ अखेरपर्यंत टिकवतात.

एफएम२च्या मीटरचे दिवेही त्या सकाळी लागले नाहीत, तरी शटर चालत राहिले. ऊन चढल्यावर १०० आयएसओच्या निगेटिव्ह फिल्मसाठी शटर १/१२५ सेकंद आणि लेन्सचे छिद्र एफ/१६, लख्ख बर्फावर एफ/२२, या जुन्या ठोकताळ्यावर मी अख्खा रोल काढला आणि तो उत्तम आला.

मात्र शटर चालले म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, अचूक आले, असे समजू नये. पुण्यात रोल धुऊन आले तेव्हा ताबोच्या मातीच्या स्तूपांच्या, एफएम२ने अर्ध्या सेकंदाने टिपलेल्या निगेटिव्ह जवळपास एक स्टॉप दाट निघाल्या, म्हणजे त्यांच्यावर जवळपास दुप्पट प्रकाश पडला होता. मंद गती सांभाळणाऱ्या दातेरी चाकांमधले जुने वंगण थंडीने घट्ट होते आणि शटर ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडे राहते. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या त्याच गतीच्या निगेटिव्ह, सेल उबदार असताना काढलेल्या, सर्व एकसारख्या होत्या. तरीही एकच कॅमेरा न्यायचा असेल, तर मी यांत्रिकच नेईन. पण अर्ध्या स्टॉपची चूकही न खपवणारी स्लाइड फिल्म वापरणार असाल, तर इलेक्ट्रॉनिक शटर आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात जादा सेल हवेतच.

निघण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून शटरच्या गती टेस्टरवर मोजून घ्याव्यात, विशेषतः १/३० पेक्षा मंद असलेल्या. बर्फ दोन्ही कॅमेऱ्यांच्या मीटरला सारखाच फसवतो, कारण मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडे समजतो. दीड ते दोन स्टॉप वाढवावेत, किंवा उन्हात तळहातावर मापून एक स्टॉप वाढवावा. कोरड्या थंडीत फिल्म झटक्याने पुढे सरकवल्यास स्थिर विजेच्या रेघा उमटतात, तेव्हा लिव्हर सावकाश ओढावा. होमस्टेमध्ये तंदूर (खोली उबवणारी शेगडी) पेटलेल्या खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेऱ्यावर बाष्प धरू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तासभर उघडू नये.